अकरा नंबरची खाट

निकिताने चुकीच्या बाईला इन्सुलिन दिलं आणि ती बाई गेली, हे खरं आहे. पण ती बाई त्या खाटेवर कशी आली, हे कुठल्याच कागदावर नाही. खाट माझी होती.

मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होते. आता चौऱ्याहत्तर वय. मधुमेहाने पायाची जखम चिघळली म्हणून नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात पडून होते. बायकांचा वॉर्ड. समोरासमोर दोन रांगा, मधून वाट. माझी अकरा नंबरची खाट, समोर सहा नंबरवर घोटीकडची रंगूबाई. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते.

पडल्या पडल्या मला माझे शिकण्याचे दिवस आठवत. काचेच्या सिरिंजा पाण्यात खळखळ उकळायच्या, त्यांचा आवाज मला अजून आवडतो. आमच्या वॉर्डच्या नवसाबाई सिस्टर फार कडक. "तुम्ही अमक्याच ना, असं विचारायचं नाही. आजारी माणूस कशालाही हो म्हणतं. नाव त्याच्या तोंडून येऊ द्या." एकदा मी घाईत तसं विचारलं, तर त्यांनी माझ्या ट्रेमधले औषधाचे सगळे पेले मोरीत ओतले आणि पहिल्यापासून भरायला लावले. मी रडले होते. आज वाटतं, तसं ओतणारं कुणी राहिलं नाही.

त्या दुपारी रंगूबाईने गळा काढला.

"यमाच्या तोंडी ठेवलंय मला ह्यांनी! पाय बघा कुठं हायेत माझे, दक्षिणेला! जित्या माणसाला असं झोपवत्यात का?"

"अहो, खाट कशी ठेवली ते यमाला काय कळतंय," मी म्हटलं.

"तुमचे पाय उत्तरेला हायेत, म्हणून बोलता!"

वॉर्ड हसला. तिचा मुलगा सावळीराम ओशाळून उभा होता. मलाच दया आली. म्हटलं, ये माझ्या खाटेवर. मला काही फरक पडत नाही. ती वॉकर धरून टुकटुक करत आली, मी लंगडत तिकडे गेले. सावळीरामने उशा आणि पिशव्या इकडच्या तिकडे केल्या. फाइली खाटांना अडकवलेल्या तशाच राहिल्या. सिस्टर आली की बदलायला सांगू, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात चहा आला.

सात वाजता निकिता ट्रे घेऊन आली. नामपूरची पोर, नर्सिंग करून वर्षही झालं नव्हतं. त्या संध्याकाळी सव्वीस पेशंट आणि ती एकटी. अकरा नंबरची फाइल बघून ती म्हणाली, "आजी, इन्सुलिनची वेळ झाली बरं का."

"टोच बाई. पण हळू. काल लय टोचलं तू, सासूचा राग काढते का माझ्यावर?"

"लग्नच नाही झालं, आजी!"

दोघी हसल्या. हे बोलणं मला नंतर शेजारच्या खाटेवरून कळलं; तेव्हा वॉर्डात टीव्ही मोठ्याने चालू होता, 'इन्सुलिन' हा शब्द माझ्यापर्यंत आला नाही. निकिताने पोटाची कातडी चिमटीत धरलेली मात्र मी पाहिली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ राहावं म्हणून पोटातच सुई देतात, हे मला माहीत होतं. म्हणून मी निवांत राहिले. न शिकलेल्या बाईने निदान विचारलं तरी असतं.

माझं इन्सुलिन आलंच नाही. डॉक्टरांनी बंद केलं असेल म्हणून मी जेवले. रंगूबाईला संकष्टी होती. तिने ताट परत पाठवलं. "चांद उगवला का मग खाईन."

साडेआठला तिचा डोळा लागलेला दिसला. आता स्वस्थ झोपली, असं म्हणून मला बरंही वाटलं. नऊनंतर सावळीराम डबा उघडून तिला हाक मारू लागला. ती उठेना. अंग घामाने भिजलेलं, गार. साखर तपासली तर सव्वीस. शिरेतून ग्लुकोज देत तिला आयसीयूत नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

त्या दिवशी सकाळीच मेट्रन साधना मॅडमनी निकिताला वॉर्डातच उभं केलं होतं. "पेशंट बदललेला तुला दिसला नाही?"

"फाइल अकराचीच होती, मॅडम. खाट कुणी बदलली मला..." ती इकडे तिकडे बघू लागली. मी भिंतीकडे तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी सावळीराम आईचा वॉकर न्यायला आला. हातात कोरा कागद.

"पोलिसात अर्ज देतोय. त्या पोरीचं आडनाव काय हो?"

"अहिरे," मी म्हटलं. मग धीर करून बोलले, "माझंही नाव लिही, बाळा. खाट मी दिली. मी नर्स होते, फाइल बदलायला हवी हे मला कळत होतं. त्या सकाळी मी गप्प बसले."

त्याने खिशातून पेन काढलं.

"वय काय तुमचं?"

"चौऱ्याहत्तर."

"आईपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. जाऊ द्या. म्हाताऱ्या माणसाला कुठं पोलिसात ओढू? तुम्ही तर तिचं भलंच केलं होतं."

माझी सून योगिनी घरी जाण्याचे कागद घेऊन शेजारी उभी होती. तिने माझा दंड घट्ट धरला. मी पुन्हा म्हणू शकले असते, लिही म्हणून. म्हटलं नाही. सावळीरामने कागद माझ्याच खाटेवर ठेवून एकच नाव लिहिलं.

निकिताला त्याच आठवड्यात काढून टाकलं. पोलिसांनी तिला दोनदा बोलावल्याचं एका आयाकडून कळलं. मग ती नामपूरला परत गेली. तिचा नर्सिंगचा परवाना राहणार की जाणार, याची चौकशी अजून चालू आहे. त्या चौकशीला मला कुणी बोलावलं नाही. मी आपण होऊनही गेले नाही.