‘पुसू नये’ आणि मी

मी एका वर्गातला डस्टर बोलतोय. लाकडी मूठ, खाली लोकरी कापड आणि डोक्याच्या जागी खडूची भुकटी. तेव्हा माझ्या आठवणीवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. त्या चार ओळी मीच पुसल्या, असं मला आठवतं. खात्री विचारलीत, तर मला खोकला येतो.

दुकानातून मी थेट बौद्ध तत्त्वज्ञानाच्या प्राथमिक वर्गात आलो. बाई शिकवायच्या. त्यांचे यजमान, म्हणजे सर, शेजारच्या वर्गात तोच विषय वरच्या इयत्तेला शिकवायचे. पहिल्याच दिवशी बाईंनी मला उंच धरलं. “हे लाकूड म्हणजे डस्टर? की हे कापड? की मधला डिंक? सगळं सुटं केलं तर डस्टर उरतो कुठे? आपण ‘मी, मी’ म्हणतो, त्याचंही असंच आहे.”

वर्गाला अनात्मवाद समजला. मला मात्र, आपल्यावरून शिकवलं, याचाच गर्व झाला. आणि आता तर चक्क आत्मवृत्त सांगायला बसलोय!

एरवी पांढऱ्या खडूने लिहिणाऱ्या बाईंनी एका शनिवारी गुलाबी खडू घेतला. चार ओळी लिहिल्या: दुःख आहे. त्याला कारण आहे, तृष्णा. ते थांबू शकतं. त्याला मार्ग आहे. “मार्गाची आठ अंगं सोमवारी,” म्हणाल्या.

रविवारी त्यांचं हृदय थांबलं.

त्यांचा वर्ग सरांकडे आला. सरांनी त्या ओळींखाली ‘पुसू नये’ असं लिहिलं आणि उरलेल्या वीतभर कोपऱ्यात ते अनित्यता शिकवू लागले. सगळं बदलतं, काहीच धरून ठेवता येत नाही, हे बारीक अक्षरात. मी तेवढाच कोपरा पुसायचो आणि स्वतःला पहारेकरी समजायचो.

एकदा पहिल्या बाकावरच्या निवृत्त नर्सताईंनी हात वर केला. “सर, चार ओळी कळल्या. पण ही पाचवी बुद्धांनी कुठे सांगितलीय?”

“ती माझी आहे,” सर म्हणाले.

“मग परीक्षेला नाही ना?” वर्ग हसला. ताई मात्र हळूच म्हणाल्या, “रागावू नका. आमच्या ह्यांच्या चपला मीही सहा वर्षं दाराशी ठेवल्यात.”

सुट्टीत शिपाईदादा आले. “सर, फळा रंगवायला माणसं आलीत. मी पुसू?”

“नको. मीच पुसतो.” सरांनी दार लावून घेतलं.

पुढे कितीतरी वर्षं मी नव्या खडूंना ऐकवत राहिलो: बाईंचं अक्षर माझ्या पोटात आहे, बरं का!

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला घरी नेलं. मी त्यांच्या टेबलाच्या खणात पडून होतो. परवा त्यांची मुलगी तो खण आवरायला बसली. “बाबा, हा मळका रुमाल टाकू? गुलाबी डाग पडलेत.”

“अगं, राहू दे! आईच्या ओळी ह्यानेच पुसल्या मी.”

“डस्टर होता की.”

“डस्टर झटकतात गं.”

तिने रुमालाची घडी होती तशी ठेवली, मला खिडकीत नेलं आणि चौकटीवर दोनदा आपटलं.

निघाली ती भुकटी सगळी पांढरी.