लहान दंडाचा पट्टा

लंकाबाईनं गल्लीतल्या एका पोरीची बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि तिचा दंड डॉक्टरांपुढं धरला.

"मोजा."

"बाई, हिला नुसतं पडसं आहे," राधाकृष्ण डॉक्टर म्हणाले.

"माझ्या सहादेवालाबी नुसती सूजच हुती."

डॉक्टरांनी मान खाली घालून रक्तदाबाचा पट्टा उचलला. गेल्या साली तोंड सुजलेल्या सहादेवाच्या काडीसारख्या दंडावर त्यांनी मोठ्या माणसाचा पट्टा गुंडाळला होता. पारा बेताचाच चढला. "प्रेशर ठीक आहे," म्हणून त्यांनी पोराला घरी धाडलं. मग झटके सुरू झाले. नगरच्या दवाखान्यात लहान पट्टा बांधल्यावर खरा दाब कळला, पण तोवर सगळं हाताबाहेर गेलं होतं; पोर वाचलं नाही. मोठा पट्टा लहान दंडावर दाब कमी दाखवतो, हे तिथंच तिला कुणीतरी सांगितलं.

ती भांडली नाही. दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता तिनं मनाशी गाठ मारली, ह्या माणसाला विसरू द्यायचं नाही. दर बाजारी ती कुणाचं तरी पोर घेऊन त्याच्या दारात उभी राहू लागली. डॉक्टरांनी पुण्याहून लहान पट्टे आणवले. पोर रडत असलं की दाब वाढतो, म्हणून ते शांत होईस्तोवर थांबायचे. त्यांच्या कपाळावरचा घाम बघितला की लंकाबाईला भाकर गोड लागायची.

एका बाजारी तिनं शेजारच्या झुंबरबाईची पोर नेली. डॉक्टरांनी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, दाब चढलेलाच होता; त्यांनी पोरीला स्वतःच्या गाडीत घालून नगर गाठलं. पोर वाचली. झुंबरबाईनं डॉक्टरांचे पाय धरले, गावोगाव देवमाणूस म्हणून सांगत सुटली. दवाखान्यापुढं लेकुरवाळ्यांची रीघ लागली. लंकाबाईच्या अंगाची आग आग झाली.

अशाच गर्दीत एका परगावच्या बाईनं तिला गाठलं. कडेवरचं पोर ग्लानीत होतं.

"मावशी, पोरांचं कळतं का वो ह्या डॉक्टरला? का नगरलाच नेऊ?"

सहादेवाचं नाव लंकाबाईच्या ओठांवर आलं. एक शब्द, की ह्याच्या दाराला कुलूप. आत नळी कानाला लावलेले डॉक्टर जागच्या जागी थांबले होते, तिच्याकडंच बघत. तिनं पोराच्या सुजलेल्या पापण्या पाहिल्या.

"कळतं," ती म्हणाली. "आता कळतं. जा आत."