समुद्रेश्वराचे सतरा नारळ

पौषातल्या एका सकाळी जानेफळच्या एसटी थांब्यावर कोकिळाबाईंना पहिल्यांदा कळलं, की आपण ज्या गावाला चाललो आहोत तिथे एक जागृत देवस्थान आहे. तोवर तिथे काहीच नव्हतं. नवसाला पावणारा देव नाही, हे पाहूनच तर त्यांनी ते गाव निवडलं होतं.

थांब्यावर तीस-चाळीस माणसं जमली होती. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं आणि ते सगळं कोकिळाबाईंच्या दिशेनं येत होतं. नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या, खणाच्या घड्या, नवसाच्या चिठ्ठ्या. उकंडराव पाटलांनी तर नारळावर स्वतःचं नाव कोळशानं लिहून आणलं होतं, देवाची गफलत व्हायला नको म्हणून. "समुद्रेश्वराले आमचा साष्टांग सांगा, मास्तरीणबाई," असं जो तो म्हणत होता. कोकिळाबाई नवऱ्याकडे पाहत होत्या आणि शेषराव मास्तर एसटीच्या टायरकडे पाहत होते. टायरमध्ये पाहण्यासारखं काही नव्हतं.

हे कसं झालं ते सांगायला हवं. शेषराव तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. समुद्राचं पाणी खारट असतं, हे त्यांनी वऱ्हाडातल्या तीस पिढ्यांना छडी मारून पटवलं. स्वतः मात्र कधी चाखून पाहिलं नव्हतं. आपण मध्यप्रदेशात होतो तोवर आपल्या राज्याला समुद्रच नव्हता, ही त्यांची सबब. पण मग महाराष्ट्र झाला आणि नकाशात डाव्या हाताला निळी पट्टी आली. त्याच सुमारास कोकिळाबाईंचे गुडघे थंडीत धरायला लागले आणि मेहकरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हिवाळ्याचा एक महिना उबदार हवेत काढा, समुद्राकाठी गेलात तर सोन्याहून पिवळं. सरकारनं समुद्र दिला, डॉक्टरांनी कारण दिलं. अडचण उरली ती गावाची.

कारण जानेफळात माणूस तीन कारणांनी गाव सोडतो: लग्नाला, कोर्टाला आणि देवाला. निवृत्त माणूस बायकोला घेऊन हवा खायला गेला, असं कोणी ऐकलं नव्हतं. म्हणून पहिल्या हिवाळ्यात शेषरावांनी जाहीर केलं, की आम्ही रामेश्वरला चाललो. झालं. निघताना सोबत चौदा नारळ, दोन मडक्यांत दोन घरच्या अस्थी आणि एका म्हाताऱ्याचे नवसाचे केस असं सगळं आलं. परत येताना वाळू, शंख आणि गावभर वाटायचा प्रसाद. आल्यावर रिवाजाप्रमाणे मावंदं, म्हणजे तीर्थाहून आलेल्यानं गावाला घालायचं जेवण. कोकिळाबाईंना समुद्र दिसला तो दुसऱ्याचं मडकं बुडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मडकं लवकर बुडालं.

तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, की पुढच्या खेपेला नवसाचा देव नसलेलं गाव शोधायचं. डोणगावला पूर्वी कोकणातले एक पोस्टमास्तर होते. त्यांच्याशी पत्रव्यवहार करून बाईंनी त्यांच्या गावची माहिती काढली. खाडीच्या तोंडाशी चाळीस घरं. देऊळ आहे, पण गावापुरतं. बाहेरचं कोणी येत नाही. पोस्टमास्तरांच्या मागच्या पडवीत दोन माणसांची सोय होईल. बाईंनी ते पत्र चार वेळा वाचलं. त्यांच्या आयुष्यात त्यांनी स्वतः निवडलेली ती पहिली जागा होती. सासर वडलांनी निवडलं, बदल्या सरकारनं निवडल्या, रामेश्वर गावानं निवडलं.

आणि शेषरावांनी काय करावं? चावडीवर उकंडरावांनी विचारलं, मास्तर, यंदा कोन्ता देव? हवा खायला चाललो, असं सांगायला तोंड उघडलं आणि त्यातून समुद्रेश्वर बाहेर पडला. मास्तरला एकदा उत्तर सुरू केलं की थांबता येत नाही. समुद्रेश्वर स्वयंभू निघाला, भरतीला पाण्यात जायला लागला, ओहोटीला दर्शन द्यायला लागला, आणि उकंडरावांची चिलीम विझेपर्यंत तो नवसालाही पावायला लागला.

थांब्यावर ओझ्याशिवाय आलेला माणूस एकच होता. तो कचरू. तो म्हणाला, "आमी बुद्धाकडं गेल्याले नऊ वर्सं झाली, मास्तर. माहं ओझं तुमाले नाई." तेवढ्यापुरतं कोकिळाबाईंना त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

सगळ्यात शेवटी सरस्वतीबाई आल्या, सुनेला पुढं घालून. सून पंचफुला. लग्नाला सात वर्षं झालेली, कूस उजवली नव्हती, आणि ही गोष्ट सरस्वतीबाई तिला दिवसातून सात वेळा सांगत. पंचफुलानं रुमालाची गाठ कोकिळाबाईंच्या हातात ठेवली. आत बोटभर लांबीचा चांदीचा पाळणा होता, तिचे पैंजण मोडून केलेला. तिच्या वाटचा नवस सासूच बोलली.

एसटी सुटली. मेहकर येईपर्यंत कोकिळाबाईंनी तोंड फिरवून ठेवलं. शेषरावांनी खिडकीबाहेरची पिकं नावानिशी दाखवून पाहिली, पण उपयोग झाला नाही. मेहकरच्या थांब्यावर उतरल्यावर बाई पोत्यावर बसल्या. पोत्यात सतरा नारळ होते.

"आपुन कुठी चाल्लो?" त्यांनी विचारलं.

"कोकनात."

"कोकनात नारळ घेऊन."

शेषरावांच्या भूगोलात ही गोष्ट पक्की होती, पण त्या क्षणापर्यंत त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

जालना, औरंगाबाद, पुणे, कोल्हापूर अशा गाड्या बदलत तिसऱ्या दिवशी दोघं पोचले. पोस्टमास्तरांच्या आवारात माडांची रांग होती आणि खाली नारळांचा ढीग. शेषरावांनी पोतं खांद्यावरून उतरवलं तेव्हा पोस्टमास्तरांनी ते उघडून पाहिलं, परत बांधलं, आणि पाव्हण्यांना काही विचारू नये असा त्यांच्या घरचा शिरस्ता असावा, आत चहा सांगायला निघून गेले.

जागा पत्रात होती तशीच होती, किंबहुना पत्र थोडं कंजूसच होतं. सकाळी दहालाच अंगातली चोळी घामेजायची. चौथ्या दिवशी कोकिळाबाईंचे गुडघे कुरकुरायचे थांबले. त्या पडवीत भिंतीला टेकून पाय पसरून बसत आणि समुद्र पाहत. त्यांच्या हाताला काही काम नव्हतं. निवडायला तांदूळ नव्हते, वळायला वाती नव्हत्या. पाणी येई, पाणी जाई. ह्याच्यासाठी आलो, असं त्यांना वाटे, आणि लगेच कोनाड्यातला रुमाल दिसे. मग राग डोक्यात चढे तो जेवणापर्यंत उतरत नसे.

शेषराव रोज सकाळी देव शोधायला बाहेर पडत. निदान देवासारखा दिसणारा एखादा दगड मिळावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पण तिथले सगळे दगड कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे होते आणि त्यांच्यावर आधीच त्यांचे त्यांचे देव बसलेले होते. शेवटी एका ओहोटीला त्यांनी पोतं नेऊन सतराच्या सतरा नारळ पाण्यात सोडले आणि हात जोडले. संध्याकाळच्या भरतीनं पंधरा परत आणून टाकले. उकंडरावांचा सगळ्यात आधी आला, कोळशाच्या डागावरून ओळखू आला, नाव मात्र धुऊन निघालं होतं. कोकिळाबाईंनी ओटीत दोन-दोन करून ते वेचले.

"पाळनाही सोडून देऊ," शेषराव हलकेच म्हणाले. "चांदी जड असते. परत येत नाई."

"हात लावून तं पाहा," बाई म्हणाल्या.

त्यांनी हात लावला नाही. बाईंनी तिथेच ठरवून टाकलं: मावंद्याच्या पंगतीत, सगळ्या गावासमोर, काय ते खरं सांगायचं. देव नाही, आम्ही पाय पसरून बसायला गेलो होतो, आणि पुढच्या वर्षीही जाणार. ज्याला हसायचं त्यानं हसावं. शेषरावांना हे कळलं तेव्हापासून परतीच्या गाडीचा विषय निघाला की ते देव शोधायला बाहेर पडायला लागले.

फेब्रुवारीत दोघं परतले. पंगतीत पंचफुलाची शोभा नको, म्हणून कोकिळाबाई आधी तिला गाठायला शेतात गेल्या. ती हरभरा उपटत होती. बाईंनी तिला बांधावर घेतलं, रुमाल तिच्या हातात दिला आणि मास्तरांनी देव कसा जन्माला घातला ते पहिल्यापासून सांगितलं. आपण हिच्यावर मोठे उपकार करत आहोत, अशी त्यांची समजूत होती.

पंचफुलानं रुमाल उघडला नाही.

"फेकून काऊन नाई देला?" ती म्हणाली.

बाईंना वाटलं, पोरीला नीट समजलं नाही. त्या पुन्हा सांगायला लागल्या. पंचफुलानं त्यांना मधेच थांबवलं.

"मले पह्यलेच माईत होतं, काकू. देवानं लेकरू होत असतं तं सात वर्सांत सात देव झाले. पन पाळना गेला तवापासून सासू एक शब्द नाई बोलली. म्हणे, नवस देवाजवळ हाये, त्याचा निकाल लागू दे. एक महिना अन् चार दिवस. मी मोजले." ती उठली आणि हरभऱ्याची डहाळी तिनं इतक्या जोरात ओढली की मातीचं ढेकूळ बांधावर येऊन पडलं. "तुमाले खरं बोलाची हौस आली. बोला. उद्यापासून माहं काय होईल थे तुमी समुद्रावर बसून पाह्यजा."

कोकिळाबाई घरी आल्या त्या कोणावर चिडायचं ते न कळलेल्या. आजवर त्यांचा राग सरळ शेषरावांकडे जायचा. रस्ता पायाखालचा होता. आता त्याला फाटे फुटले. सरस्वतीबाईंचा राग आला, गावाचा आला, आणि सगळ्यात जास्त राग पंचफुलाचं बोलणं बरोबर असल्याचा आला. शेषरावांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि मावंद्याची वांगी स्वतःच चिरायला घेतली.

मावंदं झालं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, पंगतीवर पंगत. बायकांची पंगत ओसरीत, पुरुषांची अंगणात, मधे दार उघडं. पहिला घास घेऊन उकंडरावांनी विचारलं, मास्तर, माह्या नारळाचं काय झालं? शेषरावांच्या तोंडात बट्टी होती. ती त्यांनी तशीच धरून ठेवली.

कोकिळाबाई तुपाची वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी पंगतीकडे पाहिलं. पंचफुला खाली मान घालून पत्रावळीचा काठ मोडत होती.

"तुमचा नारळ परत आला," त्या उकंडरावांना म्हणाल्या. "सतरा सोडले होते. पंधरा परत आले. कोपऱ्यात पोतं हाये, आपापला घेऊन जा."

पंगत थांबली. "म्हंजे?" उकंडराव म्हणाले.

"म्हंजे त्या देवाले दुसऱ्याच्या हातून काईच चालत नाई. ज्याचा नवस त्यानं सोता यावं. टपाल तो घेत नाई."

"मंग पाळना?" सरस्वतीबाईंनी आतून विचारलं.

"पाळना तं त्यानं हातातही धरला नाई. जिचा हाये तिनंच आनावा. एक महिना त्याच्या पुढं बसावं लागते, हाताले काम लावाचं नाई. अन् तोवर घरातल्या कोनी तिले वावगं बोललं तं नवस बोलनाऱ्याच्या अंगावर उलटते. तो तुमीच बोलला होता नं, थांब्यावर?"

सरस्वतीबाईंनी घास पुन्हा पत्रावळीवर ठेवला. उकंडरावांना मात्र शंका आली. हे सगळं देवानं सांगितलं का, असं त्यांनी विचारलं.

"मास्तर होते नं संगं," कोकिळाबाई म्हणाल्या. "त्याइलेच इचारा. तीस वर्सं पोराइले खरं बोलाले शिकोलं त्याइनं."

सगळं गाव शेषरावांकडे वळलं. त्यांनी बट्टी गिळली. "हाव," ते म्हणाले.

जाताना सगळ्यांनी आपापले नारळ नेले. दोन नारळ कमी पडले, तर ज्यांचे देवानं ठेवून घेतले त्यांचा मान वाढला. ते दोघं कोण, यावर गावात वाद झाला. स्वतः जायला मात्र कोणी तयार झालं नाही. उकंडरावांचा गहू उभा होता, कोणाची म्हैस व्यायला झाली होती, आणि नवस तसे तातडीचे नव्हते, असं दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांच्या लक्षात आलं. पंचफुलाच्या घरी सरस्वतीबाई ताक घुसळताना एकदा तोंड उघडून बोलायला लागल्या आणि तसंच तोंड मिटून घुसळत राहिल्या. तिचा नवरा भगवानराव, जो आजवर आईपुढे ब्र काढत नव्हता, तो मास्तरांना विचारून गेला, की कोकणात जायला कोणत्या महिन्यातली हवा बरी.

तो गेल्यावर शेषराव खाटेवर बसले. त्यांना फार हलकं वाटत होतं. पानाला चुना लावता लावता ते म्हणाले, "तुले तं माह्यापेक्षा चांगलं जमते."

कोकिळाबाई चुलीतली राख काढत होत्या. त्यांचा हात थांबला. खरं सांगायला म्हणून त्या परत आल्या होत्या. सगळ्या गावासमोर, तुपाची वाटी हातात धरून, मास्तरांच्या देवाला त्यांनी वाचा दिली होती, कायदे दिले होते. हा डाग आता आपल्याही पदराला लागला, हे त्यांना कळत होतं, आणि खाटेवरच्या माणसाला मात्र त्याची गंमत वाटत होती.

"तुमी भिऊन बोलले," त्या म्हणाल्या.

"अन् तू?"

बाईंनी राखेचं घमेलं उचललं आणि त्या बाहेर गेल्या. परत आल्या त्या जास्तच चिडून.

शेषरावांनी पान तोंडात घातलं आणि विचारलं, की पुढच्या हिवाळ्यात समुद्रावर आपणही सोबत यायचं की नाही.

"या," कोकिळाबाई म्हणाल्या. "पन तोंड घरी ठेवून या."