पद्माचा कान

रत्नाकर पाटणकर मुंबईच्या स्टुडिओत आठ वर्षं काम शिकला आणि ब्याण्णव साली बनारसला परत आला. इथल्या एका कॅसेट कंपनीत त्याला मास्टरिंगचं काम मिळालं. गाणं दुसरेच कुणी रेकॉर्ड करायचे. तयार टेप शेवटी त्याच्याकडे यायची. कुठे आवाज दबलाय, कुठे टोचतोय, ते तो नीट करायचा आणि मग त्या टेपवरून हजारो कॅसेटी निघायच्या. त्याच्यानंतर चूक धरणारं कुणी नसे.

कुणी म्हणजे, पद्मा सोडून. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या घरात, स्वयंपाकघराच्या फळीवर एक साधा टू-इन-वन होता. रत्नाकर प्रत्येक कॅसेट आधी त्यावर लावायचा. बायको तांदूळ निवडता निवडता ऐकायची आणि एखादंच वाक्य बोलायची. "सारंगी रडवेली वाटतेय." दुसऱ्या दिवशी तो जाऊन सारंगी सुधारायचा.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात त्याने एका ठुमरीची कॅसेट आणली. लावली आणि लगेच त्याच्या लक्षात आलं, ही चुकीची प्रत आहे. हेड मळलेल्या मशीनवर काढलेली, वरचे बारीक आवाज सगळे गेलेले. तो बंद करणार, तेवढ्यात पद्मा म्हणाली, "छान झालंय. घुंगरू किती गोड वाजलेत."

घुंगरू त्या प्रतीत ऐकूच येत नव्हते.

रत्नाकरने टेप थांबवली. "पद्मा, घुंगरू आले ऐकू?"

ती ताटातल्या तांदळांत बोटं फिरवत राहिली. "नाही. काल तुम्ही सांगत होतात ना, म्हणून म्हटलं."

"कधीपासून होतंय हे?"

"दिवाळीपासून. चिमण्यासुद्धा नाही येत ऐकू."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मला विचारणं सोडलं असतंत."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बारीक आवाज आता परत यायचे नाहीत, जाडे आहेत ते टिकतील. घरी येताना गल्लीत रत्नाकरने तिचा हात धरला. एरवी चारचौघांत त्याने असं कधी केलं नसतं.

पण नंतर त्याने नेमकं तेच केलं, ज्याची तिला भीती होती. तिला वाईट वाटू नये म्हणून कॅसेट घरी आणणंच थांबवलं. महिनाभर पद्माने वाट पाहिली. मग एका संध्याकाळी तिने टू-इन-वन पुसून त्याच्यासमोर आणून ठेवला.

"कंपनी बंद पडली का?"

"नाही गं."

"मग आणा की. घुंगरांचं तुमचं तुम्ही बघा. मला जेवढं ऐकू येतं, तेवढं मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी तो कजरीची टेप घेऊन आला. पद्माने डोळे मिटले, तळहात स्पीकरवर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत हलली नाही.

"डग्गा फार घुमतोय. गाणाऱ्या बाईंचे शब्द त्याच्याखाली जातात."

रत्नाकरला शब्द स्वच्छ ऐकू येत होते. तरी तिचं मन राखावं म्हणून तो ती टेप घेऊन बालाजी घाटावर गेला आणि नाव चालवणाऱ्या एका मल्लाहाच्या जुनाट, फाटक्या आवाजाच्या टेपरेकॉर्डरवर लावली. डग्ग्याच्या घुमाऱ्यात शब्द खरोखरच बुडत होते. आपल्या कानांना वरचे बारीक आवाज मिळतात, म्हणून घुमाऱ्याखाली दबलेले शब्द आपण मनाने भरून काढत होतो, हे त्याला तिथे कळलं. ज्यांच्यासाठी कॅसेटी निघत होत्या, ते नावेवर, पानाच्या टपरीवर, असल्याच यंत्रांवर ऐकत होते. पद्माला ऐकू येत होतं, जवळपास तेवढंच. त्याने घुमारा कमी केला.

नवरात्राच्या आधी मालकांनी देवीगीतांची घाई लावली. "रत्नाकरजी, आज ही दे दीजिए."

"कल दूँगा," तो म्हणाला. "घर पर सुनाना है."

त्या रात्री पद्माला ती गीतं मुळीच आवडली नाहीत. रत्नाकरला फार आवडली होती. भाजी करपेपर्यंत दोघं वाद घालत बसली.