एका ताग्यातले दोन कोट

मी एक जुना कोट आहे, मित्रांनो. दाराजवळच्या खुंटीवर टांगलेला, कोपरांवर झिजलेला, एके काळी वांग्याच्या सालीसारखा जांभळा आणि आता नक्की कोणत्या रंगाचा ते सांगता न येणारा. कोटाची गोष्ट म्हटली की थंडी येणार, ऊब येणार आणि शेवटी कुणीतरी मला छातीशी धरणार, असे तुम्हाला वाटत असेल. तसे काही झालेले नाही. माझी गोष्ट कडू आहे, आणि ती मी गोड करून सांगणार नाही.

माझा जन्म एका खोलीच्या दुकानात झाला. एक लांब टेबल, एक शिलाई मशीन, रस्त्याकडे उघडणारी खिडकी आणि तिच्यात बसून काम करणारी एक शिंपीणबाई. ती फक्त साठीच्या पुढच्या बायकांचे कपडे शिवायची. बाजारातल्या कपड्यांवर तिचा फार राग होता. ती म्हणायची की ते लोक विशीतल्या मुलीचा कपडा घेतात, दोन मापे वाढवतात आणि म्हातारीच्या गळ्यात मारतात. पण वय झाले की अंग नुसते वाढत नाही. खांदे पुढे येतात, पाठ गोल होते, हात पूर्ण वर जात नाही आणि बारीक बटणे बोटांना सापडत नाहीत. शिवाय रंग दोनच, एक चिखलाचा आणि दुसरा राखेचा. तिच्या दुकानात हे दोन्ही रंग मिळत नसत.

या शिंपीणबाईला एक धाकटी बहीण होती. रेल्वेने पूर्ण एक दिवस लागेल इतक्या लांबच्या शहरात ती राहायची. तिथल्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत तिने तीस वर्षे नोकरी केली, म्हणून सगळे तिला चौकशीबाई म्हणत. कोणती गाडी कुठून सुटते, कुठे बदलावी लागते, वाटेत चहा बरा कुठे मिळतो, सगळे तिला तोंडपाठ होते. तिने हजारो माणसांना वाटेला लावले. स्वतः मात्र ती कुठेही गेली नव्हती. आधी नवऱ्याचे आजारपण, मग मुलाचे शिक्षण, मग त्याचा संसार. तुम्ही असे कुणाला ओळखत असाल.

ती निवृत्त झाली तेव्हा थोरली तिच्याकडे आली आणि स्वयंपाकघरात उभे करून तिची मापे घेतली. दोघींचा बेत तिथेच ठरला. थोरलीच्या गावापासून जवळ एक मोठे तळे होते. सकाळी तिथून एक बोट निघायची आणि काठावरची सात गावे घेत संध्याकाळी परत यायची. धाकटीने थोरलीकडे जायचे, आणि मग दोघींनी त्या बोटीत बसायचे. बाकी काही नाही. एवढेच ठरले होते, मित्रांनो, आणि माझी सगळी गोष्ट या एवढ्याशा गोष्टीवर अडली आहे.

एकाच ताग्यातून दोन कोट बेतले गेले. एक मी, चौकशीबाईचा. दुसरा माझा जुळा भाऊ, शिंपीणबाईचा. कापड मऊ, चुरगळले तरी हाताने झटकले की सरळ होणारे. दिवसभर बसले तरी पाठीत टोचेल अशी एकही शिवण नाही. बटणे बिस्किटाएवढी. आणि खिसे पाच: चष्म्याचा, रुमालाचा, औषधांचा, पुस्तक मावेल असा रुंद एक आणि आतल्या बाजूला चेन लावलेला तिकिटाचा. पार्सलमध्ये माझ्याबरोबर एक चिठ्ठी होती. "धाकटे, पाचही खिसे तुझे आहेत. दुसऱ्या कुणाचं काही त्यात ठेवायचं नाही. माझा कोट मी तू येईपर्यंत घालणार नाही. दोघींनी बोटीवरच पहिल्यांदा घालायचा."

चौकशीबाईने मला घालून आरशात पाहिले, तेव्हा ती खरोखर सुंदर दिसली. मला स्वतःची स्तुती करायची सवय नाही, पण हे खरे आहे. मुलगा हसून म्हणाला की आई, गर्दीतही हरवणार नाहीस. सुनेने या वयात हा रंग जरा भडक नाही का, असे अगदी प्रेमाने विचारले. चौकशीबाईही हसली. त्या दिवशी मी खुंटीवर गेलो.

पहिल्या वर्षी नात झाली. तेव्हा जाणे शक्यच नव्हते आणि तिलाही जायचे नव्हते. दुसऱ्या वर्षी सुनेची रजा संपली आणि बाळाला कुणाकडे ठेवायचे असा प्रश्न आला. त्याचे उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होते. तिसऱ्या वर्षी घर बदलले. चौथ्या वर्षी मुलाचा गुडघा दुखावला. दरवेळी मुलगा म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की. तो खोटे बोलत नव्हता, मित्रांनो, हेच तर वाईट आहे. त्याला दरवर्षी खरेच तसे वाटायचे. वरून तो म्हणायचा की तू एकटी कशी जाशील, मी सोडायला येईन, जरा मला सवड मिळू दे. तीस वर्षे लोकांना गाड्या सांगितलेल्या बाईला गाडीत बसता येणार नाही, असे त्या घरात ठरून गेले. आणि ती मूग गिळून बसली. माझा सगळ्यात जास्त राग तिच्यावरच आहे.

दर रविवारी थोरलीचा फोन यायचा. धाकटी दाराजवळच्या खुर्चीत, माझ्या अगदी खाली बसून बोलायची, त्यामुळे मला सगळे ऐकू यायचे. यंदा जमत नाही गं, असे ही म्हणायची. आणि पलीकडून उत्तर यायचे, "असू दे. मी काय कुठे पळून जातेय?"

चिठ्ठीत काही का लिहिलेले असेना, मी मात्र रोज बाहेर पडत होतो. शाळेत, भाजीला, दवाखान्यात, बँकेत. माझे खिसे सोयीचे होते ना! चष्म्याच्या खिशात घराच्या किल्ल्या आल्या. पुस्तकाच्या खिशात नातीची पाण्याची बाटली बसली. औषधांच्या खिशात मुलाच्या गुडघ्याचे मलम, रुमालाच्या खिशात सुनेने लिहिलेली सामानाची यादी. कुणाला काही सापडेनासे झाले की घरभर एकच हाक ऐकू यायची, आईच्या कोटात बघ. पाच खिशांपैकी चार असे भरले. आतला तिकिटाचा खिसा तेवढा रिकामा राहिला. कुणीच न उघडल्यामुळे त्याची चेन गंजून घट्ट बसली.

आता जे सांगतो ते सांगायची मला लाज वाटते. पाचव्या वर्षी मुलगा, सून आणि नात समुद्रावर आठ दिवस गेले. घर राखायला आणि झाडांना पाणी घालायला कुणीतरी हवे होते. निघताना सुनेला वाटले की वारा असेल, तेव्हा आईंचा कोट बरा, हलका आहे आणि खिसेही भरपूर आहेत. चौकशीबाईने स्वतः मला खुंटीवरून काढून तिच्या हातात दिले. मी समुद्र पाहिला, मित्रांनो. मी बोटीतसुद्धा बसलो. लोकांनी सुनेला विचारले की इतका छान कोट कुठून घेतला, आणि ती म्हणाली की घरीच होता. परत आल्यावर चौकशीबाईने मला धुवायला घेतले, तेव्हा रुंद खिशात तळाशी चिमूटभर वाळू निघाली. तिने ती टाकली नाही. बराच वेळ हातावर घेऊन बसली, मग खिडकीतल्या कुंडीत सोडली आणि मला पाण्यात बुडवले.

सहाव्या वर्षी एका बुधवारी सकाळी फोन आला. रविवार नव्हता, त्यामुळे ती घाबरतच खुर्चीत बसली. थोरलीची शेजारीण बोलत होती. शिंपीणबाई गेली होती.

मुलगा वाईट नाही, हे मी पुन्हा सांगतो. तो लगेच ऑफिसमधून आला. रजा काढली, सुनेनेही काढली, नातीची सोय शेजारी केली आणि छापील तिकीट आणून आईच्या हातात ठेवले.

तिने विचारले, "किती वेळ लागला?"

"कशाला?"

"तिकीट काढायला."

"अर्धा तास," तो म्हणाला.

तिने मला घातले आणि आतल्या खिशाची चेन दोन्ही हातांनी ओढून उघडली. माझ्या त्या खिशात पडलेले पहिले तिकीट ते हे.

आम्ही पोहोचलो तोवर सगळे उरकले होते. शेजारणीने दुकान उघडून दिले. टेबल स्वच्छ होते, मशीनवर झाकण होते आणि भिंतीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला माझा भाऊ होता. कापड काढले तसा तो कालच शिवल्यासारखा गर्द जांभळा निघाला. पण तो मला ओळखू येईना. एका ताग्यातले, एका दिवशी बेतलेले आम्ही, आणि तो माझ्या निम्म्या अंगाचा दिसत होता. मग चौकशीबाईने त्याला उलटा केला आणि आम्हा दोघांनाही कळले.

दोन्ही कुशींना आतून शिवणीच्या चार चार रेघा होत्या. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. शेजारीण हळूहळू सांगू लागली. चार वर्षे आजार होता. अंग उतरत चालले होते. बोटीचा हंगाम आला की शिंपीणबाई कोट अंगाला लावून बघायची आणि तो सैल झाला म्हणून आत घ्यायची. धाकटी आली की नीट बसला पाहिजे, एवढेच म्हणायची.

"मला का नाही कळवलं?" चौकशीबाईने विचारले.

"त्यांनी बजावलं होतं. म्हणाल्या, आजारी आहे म्हणून तिला यायला लागू नये. तिने फिरायला यावं."

चौकशीबाई शिवणाच्या टेबलावर डोके टेकून रडली. मुलगा दारात उभा होता. त्याला आत यायचा धीर झाला नाही.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि छोट्या कात्रीने भावाच्या शिवणी उसवू लागली. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. थोरलीने दरवर्षी कोट आत घेतला होता, पण माया एकदाही कापून टाकली नव्हती. एकेक रेघ उसवत गेली तसा कोट एकेक वर्ष मोठा होत गेला. चौथी रेघ सुटली तेव्हा तो चौकशीबाईला होईल एवढा झाला.

सून जवळ येऊन म्हणाली की हा तर नवाच आहे, ऑफिसला घालायला मलाच द्या, तुमचा आहेच की.

"नाही," चौकशीबाई म्हणाली.

या घरात मी तिच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. मुलालाही तो नवा असावा, कारण तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी आपण सगळेच जाऊ त्या तळ्यावर."

"मी मंगळवारी जातेय."

"एकटी?"

"मला विचारून तीस वर्षं लोक एकटेच जात होते."

"आणि हिला शाळेतून कोण आणणार?"

"चौकशी करा," ती म्हणाली आणि शिवणीतले दोरे वेचायला लागली.

मंगळवारी सकाळी ती भावाला घालून निघाली. खांद्याला एक पिशवी, पायात जुने मऊ बूट. दाराशी माझ्यापाशी थांबली. मला वाटले, निदान हातावर टाकून मला बरोबर नेईल. तिने माझ्या खिशात हात घातला, किल्ल्यांखालून आपला चष्मा काढून घेतला, आणि गेली. बाकी सगळे माझ्याकडेच राहिले.

ती बोटीत बसली असेल. शेजारची जागा रिकामी असेल. याला मी गोड शेवट म्हणणार नाही. सहा वर्षे उशिरा निघालेली बोट ती.

मी आजही खुंटीवर आहे. माझ्या खिशात किल्ल्या आहेत, बाटली आहे, मलम आहे, कधीची एक यादी आहे. घरातले येता जाता माझ्यात हात घालतात. मुलगा कधी कधी चुकून आतल्या खिशात हात घालतो, तिथे त्याला ते जुने तिकीट लागते आणि तो पटकन हात काढून घेतो.

मित्रांनो, मला धुऊ नका, शिवू नका, माझी काळजी करायचे दिवस गेले. पण तुमच्या घरातही दाराजवळ असा एखादा कोट असेल. त्याचे खिसे तपासा. किल्ल्या कुणाच्या आहेत, बाटली कुणाची आहे, ते बघा. मग ज्या बाईचा तो कोट आहे, तिचे स्वतःचे त्यात काय आहे, ते शोधा. काहीच सापडले नाही, तर तिला कुठे जायचे होते ते आजच विचारा. तिकीट काढायला अर्धा तास लागतो.