पाठमोरे भिवातात्या

भिवातात्यांच्या वर्षाच्या कीर्तनाचं सगळं ठरलं होतं. बुवा ठरले, पखवाजी ठरला, आमटी-भाताचा आचारी ठरला, मांडवाचे वासेसुद्धा अंगणात येऊन पडले. अडलं ते फोटोवर.

माणूस जाऊन वर्ष झालं की आमच्याकडे कीर्तन ठेवतात आणि त्याचा फोटो पाटावर मांडतात. हार घालतात, बुवा उभे राहण्याआधी त्याला बुक्का लावतात, आणि दुपारी कीर्तन संपताना सगळे उठून त्याच्यावर फुलं टाकतात. फोटोच नसेल तर फुलं टाकायची कुणावर? आणि तात्या उभ्या जन्मात आपणहून कॅमेऱ्यासमोर आले नव्हते. आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो, म्हणून मंडळाचे जुने फोटो धुंडाळायचं काम माझ्याकडे आलं. सप्ताहाच्या प्रत्येक फोटोत तात्या पखवाज्याच्या मागे. एका फोटोत नुसते टाळ दिसतात, एकात टोपीचं टोक. लग्नाच्या फोटोत पंगतीत वाढायला वाकलेले, तोंड भाताच्या पातेल्यात.

त्यांचा मुलगा हनुमंत हिंजवडीला कंपनीची गाडी चालवतो. त्यानं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला.

"आई, ह्यो घे. झालं काम."

सारजावैनींनी फोटो उजेडाला धरला आणि पालथा ठेवला.

"ह्यो कोन?"

"आगं, आण्णा न्हाईत का?"

"ह्यो चौकीत धरून आनल्याला मानूस हाय. ह्येला मी हार घालनार न्हाई."

"आधारचा फोटू सगळ्यांचा असाच येतो."

"मग सगळ्यांच्या बायकास्नी इचार जा."

पौडच्या स्टुडिओवाल्यानं मधला मार्ग काढला. त्याच चेहऱ्याखाली निळा कोट आणि लाल टाय बसवला, मागे गुलाबाची बाग लावली. वैनींनी बराच वेळ पाहिलं.

"कोट कुनाचा मागून आनला? परत द्यावा लागंल त्येला."

मी हसलो, तसा हनुमंतही हसला. वैनी हसल्या नाहीत. पदराच्या टोकाला गाठ मारत म्हणाल्या, "विलास, त्यांचा फोटू हाय. त्या गौतमीकडं हाय. त्यांनी सोता मला सांगितल्यालं, आज त्या पोरीच्या फोटूत घावलो म्हनून. मला त्यो पायजे. न्हाईतर पाट रिकामा ठेवा."

गौतमी म्हणजे हिंजवडीच्या कंपनीतली मुलगी. सारजावैनींची बाहेरची खोली ती हिवाळ्यात शनिवार-रविवार भाड्यानं घ्यायची. तिला दुसरं काही नको असे. सूर्य उगवताना आणि मावळताना आमचे डोंगर, आणि मधलं धुकं. पहाटे तात्या बॅटरी घेऊन पुढे चालायचे, ती ते तीन पायांचं स्टँड खांद्यावर टाकून मागे. संध्याकाळी पुन्हा तेच. गाव गंमत करायचं, "तात्या, धुकं काय मोजून आला का?" तात्या म्हणायचे, "न्हाई बा, आज थोडं सांडलं."

जिथं ते जायचे ती जागा मला माहीत आहे. पठार चालत जातं, चालत जातं आणि एकदम संपतं. खाली खोल दरी. पावसाळा सरला की तिथं पहाटे धुकं वर चढतं. मोठ्या बुवांचा आलाप जसा घाई न करता चढतो ना, तसं. एकदा चढलं की आपले पाय कुठे संपतात आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नाही. भगवंतानं त्या वेळी आपली सगळी रूपं झाकून ठेवलेली असतात, आणि मग सूर्य आला की एक-एक उघडून दाखवतो.

"तिला कशापायी तरास?" हनुमंत म्हणाला. "तिचा मोठा फोटू त्या धरणाकाठच्या रिसॉर्टात लागलाय. तितनंच मोबाईलवर काढून आनू."

म्हणून आम्ही तिघं गेलो. वैनींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. जणू माणसाला भेटायलाच निघाल्या होत्या. आत चपला काढून त्या गार फरशीवरून चालत गेल्या आणि भिंतीवरच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या.

फोटो खरोखर सुंदर होता. खोटं कशाला बोलू, माझे हात आपोआप जुळले. दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली, त्यातून डोंगरांची टोकं वर आलेली, डावीकडं ते वाकडं हिरड्याचं झाड, आणि डोंगराआडून सूर्याची नुसती कोर.

वैनींनी हिरड्याचं झाड ओळखलं. तिथून बोट सरकवत त्या काचेच्या मधोमध आल्या.

"हितं उभं असायचे."

तिथं कुणी नव्हतं. नुसतं धुकं होतं.

"दुसरा असंल," हनुमंत म्हणाला.

"ह्योच हाय. ह्या दिशीची कोर त्यांनी मला हातानं काढून दाखवलीया." मग काचेवर उमटलेला बोटाचा ठसा त्यांनी पदरानं पुसला.

हनुमंतानं फोन केला, तशी गौतमी शनिवारी आली. तात्या गेल्यावर ती एकदा भेटून गेली होती, त्यानंतर आज. येताना तिनं तात्यांना आवडायच्या म्हणून राजगिऱ्याच्या वड्या आणल्या. वैनींनी चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "बये, फोटूत ह्ये हुते ना?"

गौतमीनं वड्यांचा पुडा खाली ठेवला. "होते, काकू."

"मग?"

"मी काढून टाकले."

"काढून टाकलं म्हंजी?"

"कॉम्प्युटरवर करता येतं तसं. मला नुसते डोंगर आणि धुकं हवं होतं. तात्या नेमके मधे यायचे. मी सारखी म्हणायचे, तात्या, जरा बाजूला व्हा. ते दोन पावलं सरकायचे आणि पुन्हा तिथंच येऊन उभे राहायचे. मला वाटायचं, त्यांना फोटोत यायची हौस असेल. मग मी बोलायचं सोडलं. घरी जाऊन पुसायचे."

चुलीवरचा चहा उतू गेला. वैनींनी तो उतरवला, गाळला, तिघांना दिला आणि मागच्या दारानं गोठ्यात निघून गेल्या. तिकडून बराच वेळ गवत काढायचा आवाज येत होता.

गौतमी माझ्याकडे पाहून म्हणाली, "विलासकाका, तेव्हा ते आहेतच ना, असं वाटायचं. पुन्हा कधीही काढता येईल."

आम्हीही त्यांना पखवाजामागेच उभं केलं होतं.

"मूळचा हाय का न्हाई?" हनुमंतानं विचारलं.

"त्या फोटोचा नाही. जागा कमी पडली म्हणून मी पुष्कळ पुसून टाकलं. पण जुनी डिस्क आहे एक. बघते. सगळं बघते."

मग दिवस गेले. मांडव उभा राहिला. फ्लेक्सवाला रोज फोन करून विचारायचा, "फोटो पाठवताय ना?" हनुमंत चिडायला लागला होता. त्याचंही खरं होतं. पाहुणे येणार, बुवा लांबून येणार, आणि पाट रिकामा ठेवला तर माणसं मुलालाच नावं ठेवणार. एके दिवशी त्यानं आईला न विचारता कोट-टायवाला फोटो फ्रेम करून आणला आणि कपाटामागे ठेवला. वैनींना दिसला असणार. देवापुढं दिवा लावून बसल्या, तेव्हा ओठ हलत होते.

कीर्तनाच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या बेताला गौतमी आली. हातात कागदात गुंडाळलेली मोठी फ्रेम. ओसरीवर तिनं ती भिंतीला टेकवली आणि आधीच सांगून टाकलं, "काकू, चेहरा नाही मिळाला. कुठेच नाही. हा एकच राहिला होता, तोही खराब म्हणून बाजूला टाकलेला."

कागद निघाला. तेच पठार, तेच हिरड्याचं झाड, पण धुकं जास्त दाट. आणि मधोमध, करंगळीच्या नखाएवढे, भिवातात्या. पाठमोरे. खांद्यावर घोंगडी, डोक्याला टोपी. एक हात मात्र बाजूला आडवा पसरलेला.

हनुमंत खाली वाकला. "घोंगडी आण्णांचीच हाय."

"या हातामुळेच मी हा फोटो बाजूला टाकला," गौतमी म्हणाली. "मी नीट जागा शोधत पुढं सरकत होते आणि यांनी हात असा आडवा केला. मला कळलंच नाही, का ते."

वैनी भुईवर बसल्या. फोटो अगदी डोळ्यांजवळ घेतला.

"बैल म्होरं जायाला लागला की आसा हात करत्यात," त्या म्हणाल्या. "तुला आडवलंय त्यांनी."

"कशाला?"

"कडा हाय तितं." वैनींनी तात्यांच्या पायांच्या पुढं बोट ठेवलं. "ह्यांच्या म्होरं जमीन न्हाई. मला रोज सांगायचे, पोरगी कॅमेऱ्याला एक डोळा लावती आन् दुसरा झाकून घेती. धुक्यात कडा दिसत न्हाई. बोललं तर ती भ्येल, फोटू बिघडंल तिचा. त्यापरास आपुनच काठाव हुबं ऱ्हावं. आपुन हाय तितं जमीन हाय, येवढं तिला दिसंल."

गौतमी ओसरीच्या खांबाला धरून खाली बसली. किती सकाळी, किती संध्याकाळी ती तिथं उभी राहिली होती, आणि प्रत्येक वेळी तिच्या आणि दरीच्या मधे एक माणूस होता, ज्याला ती घरी जाऊन पुसत होती. ती रडली. वैनींनी तिला रडू दिलं. मग तिच्याच वड्यांतली एक तिच्या हातावर ठेवली.

"खा. बापाच्या जागेवर हुते तुझ्या. पोरीवर कोन रागावतंय?"

थोड्या वेळानं गौतमीनं डोळे पुसले. "मी यांना मोठं करून देते. नुसते तात्या. थोडे अस्पष्ट येतील, पण मोठे दिसतील. रात्रीत करून आणते."

"नगं," वैनी म्हणाल्या. "हायेत तेवढंच ऱ्हाऊ दे. डोंगर बी ऱ्हाऊ दे. डोंगर काढलास तर हात कशाला केलाय ते कुनाला कळायचं?"

"पण आई, तोंड दिसत न्हाई," हनुमंत म्हणाला. "लोकं म्हनतील, पाठमोरा फोटू कुनी ठेवतं का?"

"मी लगीन होऊन आले तवापासनं ह्यांची पाठच बघितलीया. ह्ये म्होरं, मी मागं. बाजाराला म्हन, शेताला म्हन, देवाला म्हन. तोंडापरास मला पाठच वळखीची." मग कपाटाकडं मान वळवून म्हणाल्या, "आन् त्यो सायेब परत करून ये."

सकाळी मांडव भरला. पाटावर फोटो मांडला होता. हार फ्रेमच्या खाली घातला, कारण वर घातला असता तर सूर्य झाकला असता. येणारा प्रत्येक जण वाकायचा, शोधायचा आणि विचारायचा, "तात्या कुटं हायेत?" वैनी जागेवरून उठायच्या आणि बोट दाखवायच्या. पुन्हा बसायच्या, पुन्हा कुणी विचारलं की उठायच्या. त्या दिवशी त्यांना गुडघेदुखी आठवलीही नाही.

बुवा आले. त्यांना मी रात्रीच फोनवर हाताची गोष्ट सांगितली होती. आमचे बुवा म्हणजे शब्दांचा धबधबा, पण त्या दिवशी त्यांनी आधी फोटोला हात जोडले. मग बुक्क्याच्या वाटीत अंगठा बुडवून पुढं झाले. तेवढ्यात वैनींनी त्यांचं मनगट धरलं.

"बुवा, आंगठा नगं. मानूस झाकून जाईल."

बुवांनी पाहिलं. खरंच, अंगठा तात्यांपेक्षा मोठा होता. "मग माउली, कपाळाला कसा लावू?"

"कपाळ पलीकडच्या अंगाला हाय," वैनी म्हणाल्या.

मग दोन्ही हातांनी बुवांनी फ्रेम उचलली आणि उलटी केली. मागं साधा तपकिरी पुठ्ठा होता. वैनी एकदा पुढून पाहायच्या, एकदा मागून.

"जरा वर. आनखी. व्हय, हितं."

बुवांनी पुठ्ठ्यावर बुक्का लावला आणि फोटो पुन्हा सरळ करून पाटावर ठेवला. पुढून काही दिसत नव्हतं, पण मांडवातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, की तात्यांना बुक्का लागला. बुवांनी चिपळ्या उचलल्या. पखवाजावर पहिली थाप पडली, आणि पखवाज्याच्या मागची जागा आम्ही मोकळी ठेवली होती.

मी पेटीचा भाता उघडला तेव्हा समोर गौतमी कॅमेरा घेऊन उठलेली दिसली. एक डोळा कॅमेऱ्याला, दुसरा मिटलेला. सगळा मांडव एका फोटोत यावा म्हणून ती मागं मागं सरकत होती, आणि तिच्या मागं आचाऱ्याच्या चुलाणावर आमटी खदखदत होती.

वैनींनी मान न वळवता हाक मारली, "हनुमंता, त्या पोरीच्या मागं जाऊन उभा ऱ्हा."

हनुमंत टाळ गळ्यात तसाच ठेवून गेला आणि चुलाणाकडं पाठ करून उभा राहिला. तिथूनच त्यानं टाळ धरला. मी सूर दिला.