दोन अंगठ्यांचा हात

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या चादरीच्या कारखान्यात आधी हजेरीला अंगठ्याचं मशीन होतं. पण मागाच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरून भरून बायकांची बोटं अशी गुळगुळीत झालेली, की अंबव्वाच्या अंगठ्यावर माशी बसली तर घसरून पडायची. एका माशीचा तर पाय मोडला, मी डोळ्यांनी बघितलंय. मशीन रोज अंबव्वाला गैरहजर लावायचं आणि ती रोज त्याला तेलुगूत शिव्या घालायची.

मग शिरांचं मशीन आलं. हात टेकवायचा नाही, नुसता वर धरायचा. कातड्याखालच्या शिरांची नक्षी त्याला दिसते, आणि ती प्रत्येकाची वेगळी. वॉचमन रुद्रप्पानं पहिल्याच दिवशी त्याच्यापुढं बोकडाचा पाय धरला. मशीन म्हणालं, 'पुन्हा प्रयत्न करा.' रुद्रप्पाचं म्हणणं, बोकडानंच मनापासून प्रयत्न केला नाही.

नोंदणी करताना ऑफिसातल्या सबिहानं अंबव्वाचा उजवा हात स्क्रीनवर मोठा करून दाखवला. मागं तिचा नवरा नरसय्या उभा होता. चाळीस वर्षं आमच्या चादरींची डिझाइनं तोच काढतो. ग्राफच्या चौकटी पेन्सिलीनं भरायच्या, त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे मागावर चढवायचे.

"आत असं हाय व्हय?" नरसय्या म्हणाला.

"मग? भुस्सा भरलाय वाटलं का तुमाला?" अंबव्वा म्हणाली.

तीन महिन्यांनी, एका मंगळवारी चहाच्या सुट्टीत, ती कांडी मशीनला टेकून बसली. सुट्टी संपली तरी उठली नाही.

चौदाव्या दिवशी नरसय्या कामावर आला. हात धरला, हजेरी लागली, आत गेला. चहात साखर घालायची राहिली होती, तरी पूर्ण प्यायला. मी विचारलं, "कसं काय?" तर म्हणाला, "बरं हाय की." जसं काही मी दुसऱ्याच कुणाची चौकशी केली होती.

दुपारी सबिहानं त्याला बोलावलं.

"काका, एकतीस तारखेला मावशींचं नाव मशीनमधून काढायचंय. वरून मेल आलाय."

"हात बी जातो?"

"सगळंच जातं, काका."

"किती दिवस हायत?"

"चार."

"मग मला काढून घेऊ दे."

एकाच्या शिरा दुसऱ्याला दाखवायच्या नाहीत, असा नियम होता. मोबाइल तर गेटवरच जमा व्हायचे. पण पेन्सिल आणि ग्राफ आणू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. सबिहानं स्क्रीन वळवली आणि स्वतः दाराकडं तोंड करून डबा खायला बसली.

चार दिवस, जेवणाची सुट्टी तेवढी. नरसय्या एकेक चौकट भरायचा. मॅनेजर बापूसाहेब एकदा डोकावले.

"काय चाललंय, नरसय्या?"

"नवं डिझाइन."

"कसलं? वडाच्या पारंब्या?"

"व्हय."

"झकास! घे मागावर."

एकतीस तारखेला संध्याकाळी सबिहानं बटण दाबलं. नरसय्या तोवर पुठ्ठ्यांना भोकं पाडत बसला होता.

पहिली चादर चार दिवसांनी मागावरून उतरली. मी आणि नरसय्यानं दोन टोकं धरून ती पसरली. मरून रंगावर पांढऱ्या शिरा, एक एक फांदी साफ. मी नीट बघितलं. डावीकडं अंगठा होता. उजवीकडंही अंगठाच होता.

आता आमच्या धंद्यात डिझाइन अर्धंच काढतात. मधल्या रेघेपर्यंत एक मोर काढायचा, दुसरा मोर माग आपोआप उलटा करून समोर उभा करतो. पुठ्ठे निम्मे, मेहनत निम्मी. चाळीस वर्षं नरसय्याची पेन्सिल मधल्या रेघेवर थांबत आली होती. चारही दिवस ती तिथंच थांबली. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत अंबव्वा होती. पुढची करंगळीपर्यंतची त्यानं काढलीच नव्हती.

तो चादर तशीच धरून सबिहाकडं गेला.

"उरलेला अर्धा?"

"पुसला, काका." तिनं चादरीकडं बघितलं आणि ओढणी तोंडाला लावली.

"बरं," नरसय्या म्हणाला.

बापूसाहेबांना डिझाइन पसंत पडलं. अकलूजच्या एका व्यापाऱ्यानं लग्नाच्या आहेरासाठी दोनशे नग मागवले. नरसय्यानं स्वतः घड्या घातल्या, एकही चादर ठेवून घेतली नाही. "दोन अंगठ्याची बाई माझ्या वळखीची न्हाय," म्हणाला.

ग्राफचा कागद मात्र फळीवर होता, अर्धा भरलेला, अर्धा कोरा. रुद्रप्पाला ते बघवेना.

"अरे, उरलेल्या अर्ध्यात तुझा हात भर की. तिला काय परका हाय?"

मला वाटलं नरसय्या चिडेल. पण तो कागद घेऊन गेला आणि मी मागोमाग. सबिहानं काही न विचारता त्याचा हात स्क्रीनवर आणला. जाड, वाकड्या शिरा, मधे एक गाठ. नरसय्यानं पेन्सिल मधल्या रेघेवर ठेवली आणि बराच वेळ बघत राहिला.

"हा कुणाचा?"

"तुमचाच, काका."

"असं व्हय."

त्यानं एकही चौकट भरली नाही. कागदाची घडी केली, मधल्या रेघेवरच, खिशात घातली आणि मागावर गेला. त्या दिवशी दुहेरी चादरीची ऑर्डर होती, मोरांची.